प्रकाशाच्या पुढे: विज्ञानकथेतील अंतराळप्रवास

दिल्ली ते पुणे हे हवाई अंतर सुमारे १,२०० किलोमीटर आहे. ते कापण्यास प्रकाशकिरणाला सेकंदाचे अवघे चार सहस्रांश पुरतात. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास मात्र आठ मिनिटांहून अधिक काळ लागतो आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा तर सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने एवढे अंतर कापावयास सुमारे ७५ हजार वर्षे लागतील.

विज्ञानकथेच्या नायकाला हा प्रवास एका आयुष्यात करावयाचा असतो. परंतु आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलेल्या सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तूचा वेग प्रकाशवेगाच्या जवळ जाऊ लागला, की तो वाढविण्यासाठी लागणारी ऊर्जा अमर्याद वाढत जाते. म्हणून कोणतेही यान प्रकाशाचा वेग गाठू शकत नाही.

या अडचणीतून लेखकांनी वाटा शोधल्या. कागदाच्या दोन टोकांवर दोन बिंदू काढून कागद दुमडला, तर ते बिंदू एकमेकांना भिडतात. अवकाशही असेच दुमडून जवळची वाट काढता येईल, ही ‘कृमिविवरा’ची कल्पना होय. कार्ल सेगन यांनी ‘कॉन्टॅक्ट’ (१९८५) या कादंबरीसाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचा सल्ला घेतला आणि त्यातून कृमिविवरांच्या गंभीर अभ्यासाला चालना मिळाली. दुसरी वाट अशी, की यानापुढील अवकाश आकुंचन पावावे व मागील प्रसरण पावावे. मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ साली याचे गणित मांडले. मात्र त्यासाठी लागणारी ऋण ऊर्जा पुरेशा प्रमाणात कशी मिळवावी, हे कोणासही ठाऊक नाही.

तिसरी वाट नियम न मोडणारी आहे. प्रकाशवेगाच्या ९९ टक्के वेगाने त्या ताऱ्याकडे गेल्यास पृथ्वीवर सव्वाचार वर्षांहून थोडा अधिक काळ लोटेल. यानातील घड्याळात मात्र सुमारे सात महिनेच सरतील. प्रवास जितका दूरचा, तितके हे अंतर वाढत जाते. परतलेल्या प्रवाशाला आपली मुले आपल्याहून वृद्ध झालेली दिसू शकतात. वेगाची ही किंमत कथेला मानवी दुःखाची जोड देते.

मराठी विज्ञानकथेत ही शिस्त जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी रुजविली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली आणि तिला प्रथम पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी निवड केली ती नामवंत शास्त्रज्ञाच्या नावाची नव्हे, तर कथेची.

विज्ञानकथा ज्ञाताच्या सीमेपलीकडे पाऊल टाकते. मात्र ती सीमा कोठे आहे, हे चांगल्या लेखकाला माहीत असते. वाचकानेही ते जाणून घेतले, तर कल्पनेचा आनंद मिळतो आणि कल्पनेलाच सत्य मानण्याची चूक होत नाही.

पाठगत प्रश्न
१. कोणतेही यान प्रकाशाचा वेग का गाठू शकत नाही?
२. पाठातील तीन वाटांपैकी कोणती वाट ज्ञात नियमांशी सुसंगत आहे? कारण लिहा.