दोन टोल्या आणि हातातला फोन

वाचनभाग : मार्क 12:41-44
पाठाचा उद्देश : पैशाचे रूप बदलत असता दुर्बळाची वाट बंद होऊ नये, ही आपली जबाबदारी ओळखणे.

1. काय बदलले?

भाजीवालीच्या टोपलीशेजारी आज तराजूबरोबर क्यूआर कोडची पाटीही असते. गिऱ्हाईक तिच्यासमोर फोन धरते आणि क्षणात रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. या व्यवस्थेचे नाव यूपीआय. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ती एप्रिल 2016 मध्ये सुरू केली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला 500 व 1000 रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या आणि पुष्कळांनी ही वाट धरली. ऑगस्ट 2023 मध्ये तर एकाच महिन्यातील व्यवहार प्रथमच 1000 कोटींच्या वर गेले. सुट्या पैशांची कटकट मिटली, परगावच्या मुलाकडून आईला तत्काळ पैसे पोहोचू लागले. ही सोय नाकारण्याचे कारण नाही.

2. रोकड संपली काय?

नाही. नोटाबंदीच्या वेळी चलनात सुमारे 18 लाख कोटी रुपये होते; मार्च 2024 अखेर ते 34 लाख कोटींहून अधिक झाले. युरोपातील पहिल्या कागदी नोटा 1661 मध्ये स्वीडनमध्ये निघाल्या. पुढे त्याच देशात रोखीचा वापर फार घटला, तेव्हा मोठ्या बँकांनी रोख पैसे काढण्याची सोय ठेवलीच पाहिजे, असा कायदा 2021 पासून लागू करावा लागला. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन व पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हा पुष्कळ दुकानांत कार्डे चालेनात. खिशात रोकड होती त्यांनाच खरेदी करता आली. एकच वाट ठेवणे शहाणपणाचे नाही, हा यातील धडा.

3. मागे कोण राहते?

ज्यांच्याजवळ तसा फोन नाही, ज्यांना अक्षर दिसत नाही, ज्यांचा हात कापतो, ते. अशी आजी आपला पिन शेजारच्या मुलाला सांगते. म्हणजे आपली थैलीच ती दुसऱ्याच्या हाती देते. मुलगा भला असेलही. पण फोनवरून बोलणारा ठक भला नसतो. यासाठी एक नियम घरोघरी सांगावा : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे.

4. मंडळीने काय करावे?

मंदिरातील त्या विधवेजवळ दोनच टोल्या होत्या. आपल्या उपासनामंदिराच्या दाराशी केवळ क्यूआर कोड असता, तर तिचे दान बाहेरच राहिले असते. म्हणून पाटी लावावी, पण दानाची थैलीही फिरवावी. तो कोड मंडळीच्या खात्याचाच असावा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा नसावा. आलेली रक्कम रोख दानाप्रमाणेच वहीत लिहावी व दोघांनी तपासावी.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वडिलांनी फोनवर बोट ठेवले, तर मुलाला घरातून काही गेलेले दिसत नाही. स्वतःच्या मुठीतले नाणे थैलीत टाकताना मात्र, देणे म्हणजे काही सोडणे, हे त्याला कळते. लहानांच्या हाती नाणेच द्यावे.

वर्गासाठी कृती : मोठ्या मुलांनी एखाद्या वृद्ध सभासदाला एक रुपया पाठवण्यास शिकवावे. पिन मात्र त्यांनीच टाकावा. मुलांनी त्या वेळी तोंड फिरवावे.

चर्चेसाठी प्रश्न
(1) आपल्या मंडळीत फोनवरून पैसे देऊ न शकणारे कोण आहेत? त्यांची गैरसोय कोठे होते?
(2) वृद्धांना मदत करणे आणि त्यांचा व्यवहार आपल्या ताब्यात घेणे, यांत फरक कोणता?
(3) दिसत नाही असा पैसा खर्च करताना आपला हात सैल होतो काय? घराचा हिशेब कसा ठेवाल?