गळती आणि तक्रारपत्र

प्रस्तावना

घराची डागडुजी करून घ्यावी आणि पहिल्याच पावसात छतातून पाणी टपकू लागावे, असा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी राग येणे स्वाभाविक आहे. परंतु केवळ रागावल्याने गळती थांबत नाही आणि मुकाट्याने सोसल्यानेही थांबत नाही. आपले म्हणणे योग्य शब्दांत, योग्य व्यक्तीपुढे लेखी मांडणे, हा या दोहोंमधला मार्ग होय. एका कल्पित प्रसंगाच्या आधारे तो मार्ग आपण समजून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• तक्रारपत्रातील आवश्यक घटक सांगता येतील;
• वस्तुस्थिती आणि आरोप यांतील फरक ओळखता येईल;
• ग्राहक म्हणून दाद कोठे मागावी, हे सांगता येईल.

मूळ पाठ

रत्नागिरीतील एका निवृत्त शिक्षिकेचे घर चिऱ्याचे, वर सिमेंटची गच्ची. गच्चीला बारीक भेगा गेल्या होत्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये बाईंनी एका कंत्राटदाराकडून गच्ची गळू नये म्हणून काम करून घेतले. कंत्राटदार त्यांचाच जुना विद्यार्थी. सामान व मजुरी मिळून साठ हजार रुपये ठरले. पन्नास हजार बाईंनी दिले. उरलेले दहा हजार पावसाळ्यानंतर द्यायचे होते. पाच वर्षे गळती होणार नाही, अशी हमी कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

जूनच्या मध्यावर मोठा पाऊस झाला आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल आली. पाठोपाठ माजघरातही बादली ठेवावी लागली. बाईंनी दूरध्वनी केला. "बघतो बाई, जरा उघडीप मिळू दे," एवढेच उत्तर आले. तिसऱ्या खेपेस दूरध्वनी उचललाच गेला नाही.

त्या रात्री बाईंनी पत्र लिहिले : 'तू मला फसवलेस. शिकवल्याचे चांगले पांग फेडलेस!' सकाळी ते पुन्हा वाचले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, पाणी कोठे गळते, केव्हापासून गळते आणि आपल्याला काय हवे, हे त्यात कोठेच नाही. ते पत्र फाडून त्यांनी दुसरे लिहिले.

दि. २४ जून २०२४

प्रति,
(कंत्राटदाराचे नाव व पत्ता)

विषय : गच्चीच्या कामानंतर होणाऱ्या गळतीबाबत.

स. न. वि. वि.

आपण १२ ते २० एप्रिल या काळात माझ्या घराच्या गच्चीचे काम केले. ठरलेल्या ६०,००० रुपयांपैकी ५०,००० रुपये मी दिले असून पावती माझ्याजवळ आहे. १६ जूनपासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात व माजघराच्या मधोमध पाणी गळत आहे. १७, १९ व २२ जून रोजी मी आपणांस दूरध्वनी केला होता.

आपण आठ दिवसांत, म्हणजे २ जुलैपर्यंत, समक्ष येऊन पाहणी करावी आणि दोष कामातील असल्यास लेखी हमीप्रमाणे तो विनामूल्य दूर करावा, ही विनंती. छायाचित्रे व करारपत्राची प्रत सोबत जोडली आहे. मुदतीत उत्तर न आल्यास मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. तशी वेळ येऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

आपली,
अ. ब. क.

पाचव्या दिवशी कंत्राटदार दारात उभा राहिला. उघडीप मिळताच त्याने गच्चीवरील नळाच्या तोंडाला बोळा लावून पाणी साठू दिले. काही तासांत स्वयंपाकघरात ओल दिसू लागली. पन्हाळनळाभोवतीचा सांधा नीट भरला गेला नव्हता. "ही चूक माझी, बाई," तो म्हणाला. माजघरातील गळती मात्र सौर बंबाच्या पायांखालून होत होती. मे महिन्यात दुसऱ्या कारागिराने तो बसवताना गच्चीत भोके पाडली होती. बाईंनी स्वतः वर जाऊन पाहिले आणि ते मान्य केले. पावसाळ्यापुरते वर प्लास्टिक अंथरले गेले. ऑक्टोबरात सांध्याचे काम विनामूल्य झाले. बंबाखालच्या कामाचा खर्च बाईंनी दिला. पुन्हा पाणी साठवून पाहिल्यावरच उरलेले दहा हजार चुकते झाले.

चर्चा

पहिल्या पत्रात आरोप होता. दुसऱ्यात तारखा, रकमा, जागा आणि मागणी होती. 'दोष कामातील असल्यास' हे शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. त्यांमुळे कंत्राटदाराला आपली बाजू मांडता आली आणि बाईंनाही संकोच न वाटता सत्य स्वीकारता आले. जुन्या विद्यार्थ्याला बाईंनी 'आपण' असे संबोधले, कारण असे पत्र पुढे तिऱ्हाइतापुढेही ठेवावे लागते.

समजा, उत्तर आलेच नसते तर? मोबदला देऊन घेतलेली सेवा सदोष असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दाद मागता येते. घरबांधणी ही 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्ये स्पष्ट केले. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. तो आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. उभय पक्षांची संमती असल्यास आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही सोपवू शकतो.

तुम्ही काय शिकलात

• काम सुरू होण्यापूर्वी अटी लिहून घ्याव्यात, पावत्या जपाव्यात.
• तक्रारपत्रात घटना, पुरावा, मागणी व मुदत असावी.
• दुसऱ्या पक्षाला खुलाशाची संधी ठेवावी.

पाठान्त प्रश्न

१. बाईंनी पहिले पत्र का फाडले?
२. गळतीची कारणे पाणी साठवून शोधल्याने दोघांचाही कोणता लाभ झाला?
३. 'पांग फेडणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. बाईंच्या वाक्यात तो उपरोधाने कसा आला आहे?
४. तुमच्या घरी रंगकाम झाल्यावर महिन्याभरातच पोपडे निघू लागले आहेत. रंगाऱ्याला तक्रारपत्र लिहा.