मशीन येईल तेव्हा येईल

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर उठते. हा आजार घेऊन भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये राहताना उमगलेल्या या गोष्टी.

१. मान्यता कशाला, ते विचारावं.
जुलै २०२५ मध्ये मानेतल्या व्हेगस नसेला रोज मिनिटभर विजेचे सौम्य झटके देणाऱ्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. नागपूरहून भाच्याचा फोन आला, "मावशी, तुझं मशीन आलं बघ!" मान्यता होती ती ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसला.

२. एकाला मानवलं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही.
सांध्यांच्या त्या आजारात दाह भडकवणारा टीएनएफ अडवला की आराम पडतो. एमएसच्या रुग्णांना मात्र लेनरसेप्ट हे तसंच औषध दिल्यावर आजार जास्त वेळा उलटला; तो अहवाल १९९९चा. व्हेगसचा संदेश प्लीहेपर्यंत जाऊन टीएनएफ कमी करतो, पण तो पुरता बंद करत नाही. प्राण्यांवरचे प्रयोग आशा वाढवणारे आहेत. तरीही एमएसच्या माणसांवर वेगळी चाचणी हवीच.

३. एमआरआयचं आधी बोलून घ्यावं.
आम्हाला एमआरआय अधूनमधून करावाच लागतो. अंगात यंत्र असताना तो कोणत्या अटींवर होईल, ते शस्त्रक्रियेआधीच लिहून घ्यावं.

४. लघवीचा त्रास लपवू नये.
माकडहाडाजवळच्या नसेला उत्तेजन देणारं यंत्र निवडक रुग्णांना आजही बसवतात. त्याने एमएस जात नाही, पण घराबाहेर पडायची धास्ती कमी होऊ शकते. डॉक्टरांना सांगितलंच नाही, तर ते सुचवणार कसे?

५. ऊन ओळखावं.
मे महिन्यात पॉवर हाउसच्या बाजारातून चालत आले की डाव्या डोळ्याला अंधुक दिसतं. अंग तापलं की मायलिन झिजलेल्या नसेतून संदेश नीट जात नाही. मानेवर ओला पंचा टाकून कूलरपुढे बसलं की नजर पुन्हा साफ होते. बाजार आता सकाळीच उरकते. त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला, तर मात्र डॉक्टर गाठायचे.

६. यंत्राच्या आशेवर चालू औषध सोडू नये.
मेलेली नस जिवंत करणारा इलाज आज नाही. उद्या यंत्र आलंच, तरी ते आज वाचवलेल्या नसांच्याच कामी येईल.