परिसर अभ्यास : हिरवं दिसतं ते सगळंच जंगल का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'आपल्या परिसरातील वनस्पती' हा पाठ आपण बहुतेक वेळा नावांच्या यादीवर संपवतो. मुलं साग, पळस, बाभूळ पाठ करतात. पण कोणतं झाड कुठे आणि कुणाच्या शेजारी वाढतं, हे विचारलं की गप्प बसतात. याचं उत्तर शिकवायला आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार उत्तम आहे.

उल्कापातातून झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावरून खाली उतरताना वनस्पतींची वस्ती बदलत जाते.

१) उतार : माती पातळ, पाणी वाहून जातं. इथे सागासारखी पानगळीची झाडं आहेत. उन्हाळ्यात पाणी वाचवण्यासाठी ती पानं गाळतात.

२) धारेचा परिसर : गोड्या पाण्याचा झरा असल्यामुळे ओलावा टिकतो, म्हणून झाडी दाट आणि सावली गार.

३) तळ्याचा काठ : माती खारट. खारटपणा सोसणारी झाडंच इथे तग धरतात.

४) तळं : पाणी खारं आणि अल्कधर्मी, सामू १० च्या आसपास. इथे कमळ नाही, तर डोळ्यांना सुटं न दिसणारं नीलहरित शैवाल वाढतं. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं, तेही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

म्हणजे पाणी आणि माती ठरवतात, शेजारी कोण राहणार!

आता महत्त्वाचा मुद्दा. काठावर वेडी बाभूळही पसरली. ती मूळची अमेरिका खंडातली. खारट जमीन सोसते, झपाट्याने वाढते आणि स्थानिक झाडांची जागा घेते. लांबून पाहिलं तर सगळं हिरवंगार. जवळ जाऊन मोजलं तर जाती मोजक्याच. २०२० मध्येच लोणारला रामसर दर्जा मिळाला. अशी पाणथळ जागा जपायची तर हा फरक मुलांना कळायलाच हवा.

उपक्रम : लोणारला जाणं जमलं नाही तरी चालेल. गावातला ओढा, शेताचा बांध आणि माळ अशा तीन जागा निवडा. प्रत्येक ठिकाणी सुतळीने सारख्या मापाचा चौकोन आखा. मुलांना झाडा-झुडपांचे किती प्रकार आहेत ते मोजू द्या. माती ओली की कोरडी, तेही लिहू द्या. नावं येत नसतील तर आजी-आजोबांना विचारायला सांगा.

शेवटी एकच प्रश्न विचारा : "इथला ओढा आटला, तर यातलं कोण टिकेल?" उत्तर लगेच सांगू नका. मुलांना वाद घालू द्या.