पाण्याखालची दमाची पैज

पाण्याखाली दम कोंडून धरणाऱ्याची शुद्ध हरपते ती पुष्कळदा श्वासासाठी जीव कासावीस होण्याआधीच. वसई-विरार पट्ट्यात जुन्या वाड्यांमधली पोरे बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, नाहीतर गावतळ्यात पोहायला शिकत आली. हातपाय मारता येऊ लागले की बुडीची पैज लागते: कोण जास्त वेळ खाली राहतो, एका दमात पलीकडचा काठ कोण गाठतो. आता तीच पैज सोसायट्यांच्या तरणतलावांत लागते. तिथले पाणी नितळ आणि छातीइतकेच, म्हणून ती निर्धोक समजली जाते. तो समज चुकीचा आहे.

श्वास घेण्याची ओढ मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे लागते, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. बुडीआधी भराभर खोल श्वास घेण्याची सवय अनेकांना असते. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन एरवीच ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते, त्यामुळे या श्वासांनी साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र बराच उतरतो. मग ओढ उशिरा लागते आणि तेवढ्या वेळात मेंदूला पुरेल इतका ऑक्सिजन उरत नाही. अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्ये अशा घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यातून वाचलेल्यांचे बोल आजही तेच असतात: त्रास असा झालाच नाही, आणखी थोडे जमेल असे वाटत होते, पुढचे आठवत नाही.

काठावरूनही काही कळत नाही. हात मारण्याचा वेग मंदावतो, चार बुडबुडे वर येतात आणि अंग तळाशी स्थिर होते. आरडाओरडा नाही, धडपड नाही. गडी अजून टिकून आहे असे समजून सोबती आकडे मोजत राहतात. पैजेतली सर्वांत घातक गोष्ट हीच, कारण मदतीला धावायचे ते क्षण कौतुकात जातात.

खोल बुडीत आणखी एक धोका असतो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि त्या दाबामुळे फुप्फुसातला थोडा ऑक्सिजनही पुरतो. वर येताना दाब उतरतो, तसा ऑक्सिजनचा दाबही झपाट्याने पडतो. म्हणून शुद्ध बहुधा शेवटच्या काही मीटरांत किंवा डोके पाण्याबाहेर आल्यानंतरही जाते. कसब कितीही असले तरी समुद्र सवलत देत नाही. अनेक विश्वविक्रम नावावर असलेल्या रशियाच्या नतालिया मोल्चानोवा २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ बुडी मारून गेल्या त्या परतल्या नाहीत.

म्हणून बुडीआधी भराभर श्वास घेऊ नयेत, पैज लावू नये आणि एकट्याने दम धरू नये. दोघांपैकी एकाने बुडी मारावी, दुसऱ्याने फक्त त्याच्याकडे पाहावे, आणि तो वर आल्यावरही किमान अर्धा मिनिट नजर हलवू नये. सोबती त्या खोलीपर्यंत जाऊन त्याला वर आणू शकणारा हवा. दोन बुड्यांमध्ये बुडीच्या दुपटीहून अधिक विश्रांती हवी. बावखलाच्या हिरव्या पाण्यात आणि अर्नाळा-राजोडीच्या गढूळ समुद्रात हातभर खालचेही दिसत नाही. तिथे नजर ठेवणेच अशक्य, तेव्हा दम धरण्याचा सराव तिथे मुळीच करू नये.

बेशुद्ध माणसाला लगेच वर काढून तोंड पाण्याबाहेर धरावे. पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्याची जुनी रीत घातक आहे; तिने वेळ जातो आणि पोटातले फुप्फुसात जाण्याची भीती असते. श्वास चालत नसेल तर डोके मागे कलवून, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्यावेत. प्रतिसाद नसल्यास ३० वेळा छाती दाबून २ श्वास, हा क्रम चालू ठेवावा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्ध आली तरी रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात पाणी गेले असेल तर खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होऊ शकते.