नकाशावरून भिंतींचे मोजमाप

घर बांधावयास काढणाऱ्या कुटुंबाच्या हाती नकाशा येतो, तेव्हा पहिला प्रश्न विटांचा असतो. विटा किती लागतील हे भिंतींच्या एकूण लांबीवर ठरते, आणि नेमकी तीच काढताना गफलत होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आहे. एवढ्या लहान घरातही ही चूक शेकडो विटांची ठरते.

एकाच रांगेत दोन खोल्या असलेले घर घेऊ. आतील मापे 4.50 × 3.60 मीटर आणि 3.00 × 3.60 मीटर, सर्व भिंती 20 सेंटिमीटर जाडीच्या. पुष्कळजण दोन्ही खोल्यांची परिमिती काढून बेरीज करतात: 16.20 आणि 13.20, एकूण 29.40 मीटर. येथे मधली भिंत दोनदा मोजली गेली आणि कोपरे मात्र सुटले. बाहेरून मोजल्यास परिमिती 24.20 मीटर येते. तीत मधल्या भिंतीचे 3.60 मीटर मिळविले की 27.80 होतात. आता चारही कोपरे दुबार धरले गेले.

बिनचूक रीत मध्यरेषेची. प्रत्येक भिंतीच्या जाडीच्या मधोमध रेषा कल्पावी. बाहेरील भिंतींची मध्यरेषा 7.90 × 3.80 मीटरच्या आयताची, म्हणजे 23.40 मीटर, मधल्या भिंतीची 3.80 मीटर, एकूण 27.20. मधली भिंत दोन्ही टोकांस जेथे बाहेरील भिंतीला भिडते, तेथे प्रत्येकी अर्धी जाडी, म्हणजे 10 सेंटिमीटर, वजा करावी. उत्तर 27.00 मीटर. ताळा सोपा आहे: 8.10 मीटरच्या दोन लांब भिंती आणि 3.60 मीटरच्या तीन आखूड भिंती.

भिंतीची उंची 3 मीटर धरली, तर 29.40 आणि 27.00 यांतील फरक 1.44 घनमीटर बांधकामाचा होतो. 19 × 9 × 9 सेंटिमीटरची प्रमाणित वीट दर्जासह 20 × 10 × 10 सेंटिमीटर जागा व्यापते, म्हणून घनमीटरला सुमारे 500 विटा लागतात. याचाच अर्थ 720 विटा नाहक येऊन पडतील. गावच्या भट्टीची वीट वेगळ्या मापाची असेल, तर हा आकडा तिच्या मापाने काढावा.

29.40 हा आकडा मात्र टाकाऊ नव्हे. आतील गिलाव्याला तोच लागतो, कारण मधल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा होतो. बाहेरच्या गिलाव्याला 24.20 घ्यावेत. पायाच्या चराला आणखी वेगळा हिशेब आहे: चर 80 सेंटिमीटर रुंद असल्यास मध्यरेषा तीच 27.20 राहते, परंतु वजावट प्रत्येक सांध्याला 40 सेंटिमीटर होऊन लांबी 26.40 मीटर येते. भिंतीचे 27.00 मीटर चराला लावणाऱ्या कंत्राटदाराचे बिल मालकाने तपासून घ्यावे.

दारेखिडक्या लांबीतून वजा करू नयेत; त्यांचे घनमाप शेवटी वगळावे. 1.00 × 2.10 मीटरचे एक दार 20 सेंटिमीटरच्या भिंतीत 0.42 घनमीटर, म्हणजे सुमारे 210 विटा वाचविते.