दूरस्थ वर्गातील गटाध्ययन आणि गटचाचणी

गटपद्धती प्राथमिक शिक्षकांस नवी नाही. एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांत वरच्या इयत्तेतील हुशार मुलाकडे खालच्या इयत्तेचा गट सोपवून काम चालविण्याची रीत पूर्वापार आहे. तथापि गट पाडणे आणि गटाने शिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. मुले गोलाकार बसली, एकाने गणित सोडविले व इतरांनी ते उतरवून घेतले, तर तेथे गट आहे, अध्ययन नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन वर्ग मोबाईलवर भरू लागले, तेव्हा हा दोष अधिकच उघडा पडला. पडद्यावर नावे पंचवीस दिसत, उत्तर देणारे आवाज दोन-तीनच ऐकू येत. सुटीतील वर्गास किंवा अतिवृष्टीच्या दिवसांतील वर्गास हेच लागू पडते. फार काय, ज्या शिक्षकांनी स्वतः ऑनलाइन प्रशिक्षणे घेतली आहेत, त्यांसही चित्रफीत एकीकडे चालू आणि लक्ष दुसरीकडे, हा अनुभव अपरिचित नसावा.

या अडचणीवर एक शास्त्रशुद्ध पद्धती उपलब्ध आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकविणारे प्रा. लॅरी मायकेलसन यांच्या वर्गाची संख्या १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ४० वरून १२० वर गेली. एवढ्या मोठ्या वर्गात केवळ व्याख्यान देण्याऐवजी त्यांनी कायम स्वरूपाचे संघ पाडले आणि अध्यापनाचा क्रमच उलटा केला. विद्यार्थ्याने पाठ आधी घरी वाचावयाचा. वर्गात प्रथम प्रत्येकाने एकट्याने छोटी चाचणी द्यावयाची. लगेच तीच चाचणी संघाने एकविचाराने पुन्हा सोडवावयाची. शिक्षकाने शिकवावयाचे ते त्यानंतर, आणि तेही चाचणीत जेथे घोटाळा दिसला तेवढेच. उरलेला सर्व वेळ उपयोजनाचा.

या क्रमातील मर्म एकाच प्रश्नांची चाचणी दोनदा घेण्यात आहे. उदाहरणार्थ, ०.४५, ०.५, ०.४०५ आणि ०.०५४ यांतील सर्वांत मोठी संख्या कोणती, हा प्रश्न घ्यावा. पुष्कळ मुले ०.४०५ लिहितात, कारण ४०५ हा आकडा त्यांस मोठा दिसतो. एकट्याने उत्तर देऊन झाल्यामुळे प्रत्येकाची बाजू ठरलेली असते. मग गटात चार जण ०.४०५ म्हणतात व एखादी मुलगी ०.५ म्हणते, तेव्हा तिला कारण सांगावेच लागते. ‘पाच दशांश म्हणजे पाचशे सहस्रांश’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून दहादा ऐकूनही जे पटले नसते, ते वर्गमैत्रिणीशी वाद घालताना पटून जाते. वैयक्तिक चाचणी गाळून एकदम गटचाचणी घेतली, तर हा वाद होत नाही. गटातील हुशार मूल बोलते व बाकीचे माना डोलावतात. वेळेच्या बचतीसाठी पहिली चाचणी गाळण्याचा मोह शिक्षकांनी कटाक्षाने टाळावा.

मूळ पद्धतीत गटाला खरवडावयाची उत्तरपत्रिका देतात. योग्य पर्यायाखाली तारा निघतो. न निघाल्यास गट पुन्हा विचार करून दुसरा पर्याय खरवडतो, मात्र गुण कमी मिळतात. म्हणजे चूक तत्क्षणी कळते आणि चर्चा तेथेच चालू राहते. दूरस्थ वर्गात हे साधण्यास महागडे साधन लागत नाही. गूगल फॉर्ममध्ये चुकीचा पर्याय निवडताच उरलेले पर्याय असलेल्या पुढील विभागाकडे नेण्याची योजना करता येते. तेही जमत नसेल, तर गटाच्या चिटणिसाने शिक्षकांस फोन करून ‘ब’ असे सांगावे व शिक्षकांनी केवळ ‘बरोबर’ किंवा ‘पुन्हा विचार करा’ एवढेच म्हणावे. पहिल्या प्रयत्नास ४ गुण, दुसऱ्यास २, तिसऱ्यास १, हे प्रमाण पुरेसे आहे. चिटणीस दर पाठास बदलावा.

गट पाडताना मुलांच्या मैत्रीवर विसंबू नये. शिक्षकांनीच ते पाडावेत. मायकेलसन यांच्या पद्धतीत संघ पाच ते सात जणांचा असतो; परंतु फोनवर बोलणाऱ्या लहान मुलांस चार-पाच पुरेत, कारण त्याहून अधिक आवाज एकमेकांत मिसळतात. आणि येथे खरा प्रश्न उभा राहतो. ज्या घरी मोबाईल नाही, किंवा आहे तो वडिलांबरोबर दिवसभर शेतावर जातो, त्या मुलाचे काय? तंत्राची कितीही सुंदर योजना केली व असे मूल बाहेर राहिले, तर ती योजना वर्गाची म्हणता येणार नाही. म्हणून गट वस्तीनिहाय पाडावेत, एका गटात निदान दोन घरी फोन असावा, आणि वेळ सायंकाळची ठेवावी. वैयक्तिक चाचणी अशा मुलाने वहीत लिहून शेजारच्या सवंगड्यामार्फत पाठविली तरी चालते. सर्वांनी एकाच क्षणी हजर असणे केवळ गटचर्चेपुरतेच आवश्यक आहे.

उत्तर अमान्य झालेल्या गटास लेखी हरकत घेण्याचा अधिकार असावा. अट एवढीच की, हरकतीत पाठ्यपुस्तकाचे पान व कारण नमूद केलेले असावे. हरकतीच्या निमित्ताने मुले पुस्तक ज्या बारकाईने वाचतात, तशी एरवी क्वचितच वाचतात. हरकत योग्य असेल तर गुण मोकळेपणाने द्यावेत.

उपयोजनाचा प्रश्न निवडताना मात्र कसब लागते. ‘जलसंधारणाचे फायदे लिहा’ हा प्रश्न गटासाठी निरुपयोगी होय. मुले फायदे आपसांत वाटून घेतील आणि यादी जोडून पाठवतील. त्याऐवजी गावच्या ओढ्याचा नकाशा सर्व गटांना सारखाच द्यावा, त्यावर चार ठिकाणी खुणा कराव्यात आणि बंधारा यांपैकी कोणत्या एकाच ठिकाणी बांधावा, हे ठरविण्यास सांगावे. निवड एकच असल्याने कामाची वाटणी करता येत नाही. सर्व गटांनी उत्तर एकाच वेळी जाहीर करणे हेही तितकेच महत्त्वाचे, नाहीतर पहिल्या गटाचे ऐकून बाकीचे मत बदलतात. दृश्यवर्गात प्रत्येक गटाने अक्षर कागदावर मोठे लिहून ‘एक, दोन, तीन’ म्हणताच कॅमेऱ्यासमोर धरावे. व्हॉट्सअ‍ॅपवरील मतदान यासाठी योग्य नव्हे. त्यात कोणी काय मत दिले ते इतरांस दिसत राहते.

महाविद्यालयांत या पद्धतीबरोबर सहाध्यायांनी परस्परांस गुण देण्याचीही प्रथा आहे. प्राथमिक इयत्तांत ती आणू नये. त्याऐवजी महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाने, आपल्या गटातील कोणी आपणांस काय समजावून दिले, हे दोन ओळींत लिहावे. ज्याचे नाव कोणाच्याच वहीत येत नाही, त्या मुलाच्या घरी शिक्षकांनी त्या आठवड्यात जाऊन यावे.